पाळणाघराच्या दारांत

गेल्या पंधरवड्यांत ठाण्याच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. पत्र चार पानांचें आहे, आणि त्यांतील शेवटचें पान रात्रीं दोन वाजतां लिहिलें आहे असें तिनेंच नमूद केलें आहे. तिचें मूल नऊ महिन्यांचें. प्रसूतीची रजा केव्हांच संपली, तिला जोडून घेतलेली हक्काची रजाही संपत आली, आणि येत्या एक तारखेस तिला कामावर रुजू व्हावयाचें आहे. सासूबाई गांवीं असतात. सासरे अंथरुणास खिळलेले, तेव्हां त्यांना सोडून सासूबाईंस येतां येत नाहीं. मुलासाठीं एक पाळणाघर पाहून ठेविलें आहे. तिचे प्रश्न तीन. मूल किती दिवस रडेल? तें आजारी पडेल काय? तिसरा प्रश्न तिनें लिहून खोडला आहे, परंतु खोडलेल्या अक्षरांतूनही तो वाचतां येतो : तें मला विसरेल काय?

या महिन्यांत आम्ही मुलांच्या सुटींतील वाचनासंबंधीं लिहिणार होतों. तो विषय राहूं द्यावा असें आम्हांस वाटलें. ज्या घरांत हें मासिक जातें त्यांपैकीं किती तरी घरांच्या दारांत आज हाच प्रश्न उभा आहे, आणि त्याविषयीं घरांतील वडील माणसें जें बोलतात त्यांत उपदेश पुष्कळ व माहिती थोडी असते. आम्हीही त्याच वडील माणसांपैकीं. दोन वर्षांपूर्वीं आमची दहा महिन्यांची नात पाळणाघरांत जाऊं लागली. त्या वेळीं आम्ही काय बोललों व काय केलें तें पुढें सांगूंच.

प्रथम नेहमींच्या आक्षेपाचा निकाल लावूं. "आमच्या वेळीं नव्हतीं असलीं थेरें" हें वाक्य वाचकभगिनीच्या पत्रांत तिच्या एका वडील नातलग बाईंच्या तोंडचें म्हणून आलें आहे. आमच्या वेळीं पाळणाघर नव्हतें हें कितपत खरें आहे? आमच्या लहानपणीं आमच्या घरीं थोरल्या आत्याबाई होत्या. ऐन विशींत त्यांचें कुंकू पुसलें गेलें, आणि पुढील चाळीस वर्षें त्यांनीं भावांचीं व पुतण्यांचीं मुलें पायांवर न्हाऊं घातलीं, मांडीवर थोपटलीं, त्यांचीं दुपटीं धुतलीं. त्यांस पगार नव्हता, रजा नव्हती, आणि 'तुम्हांला हें करावयाचें आहे काय' असें त्यांस कोणीं कधीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आमच्या वेळचें पाळणाघर तें हेंच. आतां आत्याबाई नाहींत, आणि तशा आत्याबाई पुन्हां कोणाच्याही घरीं न होवोत.

संस्था म्हणून पाहतां पॅरिस शहरीं १८४४ सालीं फिर्मँ मार्बो या गृहस्थानें पहिलें पाळणाघर उघडलें, तें मोलमजुरीस जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठीं. आपल्याकडे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत कामकरी स्त्रियांच्या मुलांकरितां अशी खोली राखण्याची तरतूद झाली. आपल्या ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें, व १९६९ सालीं मीरा महादेवन यांनीं दिल्लींत बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठीं पाळणाघर काढलें. म्हणजे हा प्रश्न गरिबांच्या दारीं पावणेदोनशें वर्षें उभा होता. तो आपल्या माजघरांत शिरला तेव्हां त्याला थेरें हें नांव पडलें.

असो. आतां मूल नेमकें ज्या वयांत पाळणाघरांत जातें त्या वयाकडे पाहूं. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानें १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती ती २६ आठवडे झाली. त्याच दुरुस्तीनें ५० किंवा अधिक माणसें कामास असतील अशा ठिकाणीं पाळणाघराची सोय करणें मालकास भाग पडलें, आणि आईला दिवसांतून ४ वेळां मुलाकडे जाऊन येण्याची मुभा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही या तरतुदी ठेविलेल्या आहेत. ही मुभा कागदावर असून ती मागण्याचें धैर्य होत नाहीं अशा भगिनी पुष्कळ. त्यांनीं ती अवश्य मागावी. ती मेहेरबानी नव्हे.

तर ही रजा संपते त्या सुमारास मूल पांच-सहा महिन्यांचें असतें, आणि आणखी रजा जोडून घेतली तर आठ-दहा महिन्यांचें. गंमत अशी कीं, चार महिन्यांचें मूल कोणाच्याही हातांवर हंसतें. सहाव्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास त्याला आपलें माणूस व परकें माणूस यांतला भेद नीट उमगूं लागतो, आणि आई दृष्टिआड झाली कीं तें कासावीस होतें. ही कासाविशी दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत सर्वांत अधिक असते व पुढें दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत हळूहळू ओसरते. झां पियाजे या स्विस पंडितानें तान्ह्या मुलांसमोर वस्तु झांकून पाहिल्या. फार लहान मूल वस्तु झांकली कीं ती उरलीच नाहीं असें वागतें. आठ-नऊ महिन्यांचें मूल पांघरूण दूर सारून ती शोधूं लागतें. आई दिसत नाहीं, पण ती कोठें तरी आहे, आणि येथें नाहीं, एवढें आतां त्याला कळतें. ती परत येईल हें मात्र अद्याप कळत नाहीं. तें शिकावयास दिवस लागतात. पदराआड तोंड लपवून 'कुऽक' करण्याचा जो खेळ आपल्या आज्या खेळत आल्या तो याच धड्याची उजळणी आहे. पाळणाघरांत पाठविण्यापूर्वीं महिनाभर तो भरपूर खेळावा. खोलींतून जातांना 'येतें हं' म्हणून जावें आणि परत येऊन दिसावें.

वाचकभगिनीनें लिहिलें आहे, "चार महिन्यांपूर्वीं शेजारणीकडे मजेंत राहणारा मुलगा आतां बाईंना पाहून किंचाळतो, आमचें कांहीं चुकलें काय?" कांहीं चुकलेलें नाहीं. त्याची बुद्धि एक पायरी वर चढली आहे.

आतां आमच्या घरची हकीकत. सूनबाईची रजा ताणून ताणून दहाव्या महिन्यापर्यंत आली. आमच्या कुटुंबाचे गुडघे गेलेले, रांगत्या मुलामागें धांवणें होईना. आमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. चिरंजीवांनीं व सूनबाईनें घरापासून पांच मिनिटांच्या वाटेवरील एक पाळणाघर ठरविलें. पैसे भरून आले त्या रात्रीं पानावर बसलों असतां आम्ही म्हणालों, "घरांत दोन माणसें असतां मूल परक्याच्या हातीं द्यावयाचें, तें चार पैशांसाठींच ना?" सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें पानांतला भात संपविला, हात धुतले, आणि मग रात्रीं उशिरापर्यंत नातीच्या झबल्यांवर व दुपट्यांवर दोऱ्यानें नांव घालीत बसली. घराचे हप्ते त्याच चार पैशांतून जातात हें आम्हांस ठाऊक होतें. आमच्या डोळ्याचा खर्चही त्यांतूनच झाला होता. पहिल्या आठवड्यांत मुलाच्या आईच्या मनावर जें ओझें असतें त्यांतलें पुष्कळसें असें बाहेरून आलेलें असतें, आणि तें ठेवणाऱ्यांत आम्ही होतों.

त्या पाळणाघराची पद्धति अशी कीं, पहिले तीन दिवस आईनें किंवा बापानें मुलासह तासभर तेथें बसावें आणि तसेंच परत जावें. मुलास सोडून जाऊं नये. आईनें कोपऱ्यांत शांत बसावें, मुलास पुढें ढकलूं नये, मागेंही ओढूं नये. तेथील बाईंनीं हळूहळू ओळख करून घ्यावी. चौथ्या दिवशीं मुलाचा निरोप घेऊन फार तर अर्धा तास बाहेर जावें, आणि तें किती वेळांत शांत होतें तें पाहून पुढील दिवसांचा बेत ठरवावा. हीच रीत बर्लिन शहरीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत बांधली गेली आणि जर्मनींत आज सर्वत्र परिचित आहे. मूल शांत झाल्यावर नव्हे, तर शांत करणारें दुसरें माणूस त्याला सांपडल्यावर ओळख पुरी झाली असें तेथें मानतात. फरक बारीक आहे, पण सारें मर्म त्यांत आहे.

सूनबाईनें तीन दिवस काढले. चौथ्या दिवशीं तिला कचेरींत जाणें प्राप्त होतें, म्हणून नातीला घेऊन आम्ही गेलों. पस्तीस वर्षें शाळेंत घालविलेल्या माणसास दहा महिन्यांच्या मुलीची काय मातबरी, अशी आमची घमेंड होती. जून महिन्यांत पहिलीच्या वर्गाच्या दारांत रडणाऱ्या मुलांच्या आयांना आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों होतों कीं, बाई, मागें न पाहतां गुपचूप निघून जा. तोच प्रयोग येथें केला. खिडकींत कावळा बसला होता. "तो बघ काऊ" म्हणून नातीचें तोंड तिकडे वळविलें आणि चपला हातांत घेऊन आम्ही बाहेर पडलों. तीन-चार मिनिटें आंत सामसूम. आम्ही बाहेरच्या बांकावर बसून स्वतःवर खूष होतों. मग जो टाहो ऐकूं आला तो रोजच्या रडण्यासारखा नव्हता. त्यांत राग नव्हता; भय होतें. अर्ध्या तासानें आंत गेलों तेव्हां ती मावशींच्या कडेवर थकून हुंदके देत होती, आणि तिची मान सारखी दाराकडे वळत होती.

पुढचे आठ दिवस घरांत तिनें कोणास नजरेआड होऊं दिलें नाहीं. सूनबाई स्नानास गेली तर न्हाणीघराच्या दारावर थापा. रात्रीं तीन-तीनदां उठून अंथरुणांत हात फिरवून आई आहे कीं नाहीं हें ती चांचपून पाही. आणि कावळ्याचें नांव काढतांच, जी आजवर हंसत असे ती, आमच्या सदऱ्यास घट्ट धरी.

पाळणाघरांतील त्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. दुसऱ्या दिवशीं चार आयांच्या देखत त्या आम्हांस म्हणाल्या, "आजोबा, तिला सांगून जा. रडली तर रडूं द्या, मी आहे. पण सांगून जा." आम्हांस त्या क्षणीं राग आला हें कबूल केलें पाहिजे. पस्तीस वर्षांत आमच्या सांगण्यावरून किती मुलांच्या आया अशा पाठमोऱ्या पळाल्या असतील त्याची गणती त्या रात्रीं आम्ही करीत बसलों, आणि ती पुरी झाली नाहीं.

या विषयावर पुढें जें वाचनांत आलें त्यांतील एक गोष्ट वाचकभगिनीस मुद्दाम सांगावीशी वाटते. जर्मनींतील लीझेलोट्टे आनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं सवा वर्षाच्या ७० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल घरीं असतां, आईसह पाळणाघरांत असतां, आणि आई गेल्यानंतर, अशा तिन्ही वेळीं त्याच्या लाळेंतील कॉर्टिसॉल मोजलें. शरीरावर ताण पडला कीं हें द्रव्य वाढतें. आई जवळ बसली असतां, जीं मुलें तिच्याविषयीं निःशंक होतीं त्यांच्यांत तें पुष्कळच कमी राहिलें. आई गेल्यावर तें सर्वांचें वाढलें. परंतु आई गेल्यावर अधिक रडलीं तीं मुलें कोणतीं? ज्यांचा आईवर पक्का विश्वास होता तींच. ज्यांचा तसा नव्हता तीं कमी रडलीं. आणि ज्या आयांनीं मुलास रुळविण्यासाठीं अधिक दिवस दिले त्यांच्या मुलांचा विश्वास पुढेंही टिकला, कांहींचा तर नव्यानें जुळला.

'तुमचा बाळ फार रडतो, शेजारच्यांचा पाहा कसा गुणी' असें जेव्हां कोणी म्हणेल तेव्हां वाचकभगिनीनें ही गोष्ट आठवावी. रडें म्हणजे मुलानें आईच्या नांवें केलेली तक्रार नसून तिला मारलेली हांक आहे, आणि हांक मारावी असें माणूस आहे म्हणूनच ती मारली जाते.

मात्र निरोप घ्यावयाचा तो लहान असावा. रोज तेच शब्द, तेंच दार, तीच पापी. 'आत्तां आलें हं' असें खोटें सांगूं नये. आठ तासांस आत्तां म्हणत नाहींत हें मुलास पंधरा दिवसांत कळतें. तान्ह्या मुलास घड्याळ कळत नसलें तरी क्रम कळतो. मऊ भात, मग झोंप, मग दूध, मग आई, हा क्रम रोज तोच राहिला कीं दूध आलें म्हणजे तें दाराकडे पाहूं लागतें. निरोप घेतल्यावर रडें ऐकून पुन्हां आंत जाणें, पुन्हां निघणें, पुन्हां फिरणें, हें मात्र करूं नये. एकदां सांगितलें कीं निघावें. बाहेर गेल्यावर आईला रडूं आलें तर तिनें खुशाल रडावें. बसच्या रांगेंत उभें राहून रडणाऱ्या आया आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. कांहीं ठिकाणीं आतां कॅमेरा लावलेला असतो आणि आई कामावरून मोबाईलवर मुलास पाहूं शकते. सोय म्हणून ठीक आहे. पण आमच्या सूनबाईनें पहिले चार दिवस जेवणाचा डबा समोर तसाच ठेवून ती कांच पाहिली, आणि पांचव्या दिवशीं आपण होऊन ती बंद केली. रडणारें मूल दिसतें, घेतां येत नाहीं; यानें कोणाचें भलें होतें?

किती दिवस रडेल, या प्रश्नास एक उत्तर नाहीं. कोणी आठवड्यांत रुळतें, कोणास तीन-चार आठवडे लागतात. कांहीं मुलें पहिले चार दिवस मजेंत राहतात आणि दुसऱ्या सोमवारीं, हें आतां रोजचेंच आहे असें उमगल्यावर, रडूं लागतात. दिवाळीच्या सुटीनंतर, किंवा आठ दिवसांच्या तापानंतर, पहिला पाठ पुन्हां गिरवावा लागतो. महिना उलटूनही मूल तेथें दिवसभर खात नसेल, कोणाकडेच जात नसेल, किंवा रडणें सोडून नुसतें शून्यांत पाहत बसत असेल, तर तें चिंतेचें. तेव्हां डॉक्टरांस दाखवावें व पाळणाघराची नीट चौकशी करावी. गप्प बसलेलें मूल रडणाऱ्यापेक्षां अधिक काळजीनें पाहावें, हें आम्ही शाळेंतही फार उशिरा शिकलों.

संध्याकाळचा प्रकार आयांस विशेष लागतो. दिवसभर खेळलेलें मूल आई दारांत दिसतांच ओठ काढून रडूं लागतें, आणि आईला वाटतें, दिवसभर याचे हालच झाले. तसें नसतें. दिवसभर धरून ठेविलेलें सारें तें आपल्या माणसापाशीं मोकळें करतें. कचेरींतून आलेला पुरुषही घरींच चिडतो. त्या वेळीं पिशवी टाकून द्यावी, कुकर थोडा उशिरा लावावा, आणि अर्धा तास मुलास घेऊन नुसतें बसावें. रात्रीं तें अधिक वेळां पिईल, अधिक वेळां उठेल. कांहीं आठवडे असें चालतें. आणि हा अर्धा तास आईनेंच द्यावा असें कोठें आहे? बापास मांडी असते.

दुधाविषयीं थोडक्यांत. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचें दूध, आणि पुढें वरच्या अन्नासह दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. नोकरीमुळें तो मोडावा लागतो असें नाहीं. काढून ठेविलेलें दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेंत ४ तास व फ्रीजमध्यें ४ दिवस टिकतें. आपल्याकडील वैशाखांत २५ अंश कोठून आणावे? तेव्हां तें बर्फाच्या पिशवींतच न्यावें. बाटलीपेक्षां वाटी-चमचा किंवा आपलें जुनें बोंडलें बरें. तें घासून उकळतां येतें.

आजार येतील. हें आधींच सांगितलेलें बरें, म्हणजे तो दोष पाळणाघराच्या किंवा आईच्या कपाळीं बसणार नाहीं. पहिल्या वर्षांत आठ-दहा वेळां सर्दी होणें हें अशा मुलांत नवल नव्हे. एक नाक वाहावयाचें थांबतें न थांबतें तों दुसरी सुरू होते. अमेरिकेंत टक्सन शहरीं मुलांवर पुष्कळ वर्षें लक्ष ठेवून असें दिसलें कीं, मोठ्या पाळणाघरांत गेलेल्या मुलांस दुसऱ्या वर्षीं सर्दी अधिक झाली, परंतु सहा ते अकरा या वयांत ती घरीं वाढलेल्या मुलांपेक्षां कमी झाली. म्हणजे पुढें शाळेंत व्हावयाचें तें आधीं होऊन जातें. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस व तोंवरच्या सर्व लसी वेळेवर टोंचून घ्याव्या. आणि एक गोष्ट आम्हांस कठोरपणें सांगावयाची आहे. सकाळीं मुलास ताप असतां औषधाचा थेंब देऊन, कपाळ निवलें कीं त्याला पाळणाघरांत पोंचविणारे आईबाप असतात. दोन प्रहरीं ताप चढतो, आणि तोंपर्यंत शेजारचीं पांच मुलें त्याच चेंडूस तोंड लावून बसलेलीं असतात. त्या दिवशीं दोघांपैकीं एकानें रजा घ्यावी. ती दर खेपेस आईनेंच कां घ्यावी, हें चिरंजीवांस आम्हीं विचारलें तेव्हां त्यांनीं 'कचेरींत बरें दिसत नाहीं' असें उत्तर दिलें. कोणाच्या कचेरींत, हें आम्हीं विचारलें नाहीं. पुढील तापास त्यांनीं रजा घेतली.

पाळणाघर पाहावयास जाणाऱ्यांनीं भिंतींवरील चित्रें पाहूं नयेत. एका बाईकडे तान्हीं मुलें किती आहेत तें मोजावें. तीन-चारांहून अधिक असतील तर दुसरें पाहावें. दुपटें बदलल्यावर ती हात साबणानें धुते कीं पदरास पुसते, हें उभें राहून पाहावें. मुलांस उताणें निजवितात काय, न कळवितां केव्हांही आलेल्या आईबापांस आंत घेतात काय, हें विचारावें. रडणाऱ्या मुलाशीं बाई काय बोलते तें कान देऊन ऐकावें. आम्ही संस्कृतचे अभ्यासक असल्यानें आम्हांस येथें चरकसंहितेचें स्मरण होतें. तिच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत कुमारागार, म्हणजे लहान मुलाची खोली, कशी असावी तें सांगितलें आहे. खेळणीं रंगीबेरंगी व वाजणारीं असावींत, जड नसावींत, टोंकदार नसावींत, तोंडांत जाण्यासारखीं नसावींत, मुलास भिवविणारीं नसावींत, असें तेथें आहे. आणि मूल रडत असलें, जेवत नसलें, ऐकत नसलें, तरी त्याला भूतपिशाचांचीं नांवें घेऊन भय दाखवूं नये, असें स्पष्ट बजाविलें आहे. इतकें जुनें शास्त्र घरांत असून आपण मात्र बागुलबुवाच्या नांवानें मुलें वाढविलीं. ज्या पाळणाघरांत बागुलबुवा असेल तेथें, बाकी सर्व उत्तम असलें तरी, मूल ठेवूं नये.

राहिला तो खोडलेला प्रश्न. अमेरिकेंत १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेंहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. केवळ पाळणाघरांत राहिल्यानें आईचा व मुलाचा जिव्हाळा उणावत नाहीं असें त्यांत दिसून आलें. घरीं आई मुलाच्या हांकेस कशी ओ देते यावर तो अधिक अवलंबून असतो. घरींही दुर्लक्ष व पाळणाघरही हलकें, असा दुहेरी योग आला तर मात्र धोका असतो. शिवाय फार तास बाहेर राहणाऱ्या मुलांत शाळेच्या वयाच्या सुमारास हट्ट व दांडगाई किंचित् अधिक आढळली, हेंही त्याच अभ्यासांत आहे, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. जेवढे तास कमी करतां येतील तेवढे करावे. आजोबा-आजी घरीं असतील तर त्यांनीं दोन तास आधीं आणावें. परंतु मूल विसरत नाहीं. नऊ महिन्यांच्या मुलाच्या हृदयांत एकाहून अधिक माणसांस जागा असते. यशोदेच्या मांडीवर वाढला म्हणून कृष्णाची देवकी परकी झाली असें कोणा कीर्तनकारानें सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कदाचित् एके दिवशीं तुमचा बाळ त्या मावशीलाच 'आई' म्हणून हांक मारील. त्या दिवशीं तुम्हांस वाईट वाटेल, आणि त्या बाईनें आपलें काम चोख केलें हेंही खरें असेल.

पत्राच्या समासांत आडवें लिहिलेलें एक वाक्य आहे : पिशवींत कपड्यांखेरीज काय द्यावें? त्या मावशींनीं आमच्या सूनबाईस सांगितलें होतें कीं, तुमच्या अंगावरची एखादी जुनी सुती साडी असेल तर तिचा हातभर तुकडा द्या, रात्रीं तुमच्या उशाशीं असलेला, आणि धुऊन देऊं नका. मूल जागें असतां व कडेवर असतां तें तो हातीं देत. झोंपेच्या वेळीं काढून घेत, कारण वर्षाच्या आंतील मुलाच्या तोंडाशीं झोंपेंत सैल कापड नसावें. नात तो तुकडा नाकाशीं धरून शांत होई. आमच्या कुटुंबाचें सोंवळेंओंवळें गांवांत प्रसिद्ध आहे. घरांत आलेली दुधाची पिशवीसुद्धां धुतल्याखेरीज तें आंत घेत नाहीं. तो तुकडा तेवढा बारा दिवस पाण्यांत पडला नाहीं, आणि रोज सकाळीं आमच्या कुटुंबानेंच तो घडी करून पिशवींत वरच ठेविला.